औषधाची चिठ्ठी आणि माणसाची चिठ्ठी



तोडीची चिठ्ठी हातात पडली म्हणजे ऊस काट्यावर गेला असे होत नाही, हे आपणांस सांगायला नको. चिटबॉय फडावर यावा लागतो, टोळी लावून द्यावी लागते, गाडी लागते. मधला माणूस आलाच नाही तर चिठ्ठी खिशात राहते आणि उसाला तुरा येतो. या खेपेचा आमचा विषय आरोग्याचा आहे, पण मुद्दा तोच आहे.

डॉक्टरकडे येणाऱ्या प्रत्येकाचे दुखणे गोळीने जाणारे नसते. कोणाला कर्जाच्या काळजीने झोप नाही. कोणा म्हातारीशी दिवसभर बोलायला माणूस नाही. साखरेच्या रोग्याला (ऊस लावणाऱ्यालाच साखर व्हावी, ही एक गंमतच!) रोज चालायला सांगितलेले असते, पण एकट्याने चालवत नाही. अशा रोग्याला औषधाबरोबरच एखाद्या मंडळाशी, संस्थेशी, योजनेशी जोडून द्यायचे, याला इंग्लंडमध्ये 'सोशल प्रिस्क्रायबिंग' म्हणतात. आपण त्याला सामाजिक चिठ्ठी म्हणू. लंडनच्या पूर्व भागात ब्रॉम्ली-बाय-बो या गरीब वस्तीत १९८४ पासून एक केंद्र चालते. तिथे दवाखान्याशेजारीच बागकाम, हस्तकला, कर्जाविषयी सल्ला, असे सगळे आहे. २०१९ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने दवाखान्यांना जोडून एक हजारावर 'जोडकामगार' नेमायचे ठरवले. त्यांचे काम रोग्याचे म्हणणे निवांत ऐकायचे आणि त्याला योग्य ठिकाणी पोचवायचे. याने किती गुण येतो याचा पक्का पुरावा अजून हाती आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. आकडे उलटसुलट आहेत.

विलायतेचे राहू द्या. आम्ही हे पाहिले ते मुंबईत, गिरगावातल्या फणसवाडीत.

आमच्यातल्या एकाच्या मामांना गळ्याच्या गाठीसाठी मुंबईला न्यावे लागले. उतरलो फणसवाडीच्या एका चाळीत, नात्यातल्या वहिनींकडे. बालाजीच्या देवळामुळे ही वाडी पुष्कळांना ऐकून माहीत असेल. एका मोठ्या इस्पितळात आम्हांला सांगण्यात आले, "पैशाचं काय ते समाजसेवा विभागात बघा, अमुक नंबरची खोली." एवढेच. कोणती खोली, काय न्यायचे, काय बोलायचे, काही नाही. पहिल्या दिवशी खोली सापडली तेव्हा वेळ संपलेली. दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड गावी राहिलेले. मामा म्हणाले, "चला घरी. काय व्हायचं ते होऊ द्या." उपचार सुटायची पाळी तिथे आली होती. पैसा नाही म्हणून नव्हे, वाट दाखवणारे माणूस नाही म्हणून!

तिसऱ्या दिवशी वहिनींनी चाळीतल्या एक बाई बरोबर दिल्या. त्यांनी स्वतःच्या नवऱ्यासाठी हेच हेलपाटे घातलेले. त्या पुढे, आम्ही मागे. रेशनकार्ड गावाहून मागवून घेतले, अर्ज भरला, समाजसेविका ताई शांतपणे बोलल्या, काम झाले. खोली तीच आणि ताईही त्याच, पण या वेळी बरोबर माणूस होते.

त्याच मुक्कामात खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात आणखी एक पाहिले. एक आजोबा एक दिवसाआड छातीत दुखतंय म्हणून येत. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही निघाले नव्हते. बायको वारल्यापासून घरात एकटे. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या वाचनालयाच्या पोराला हाक मारली, "उद्यापासून यांना सकाळी पेपर लावायला घेऊन जायचं. आणि आजोबा, तुम्ही सोमवारी मला येऊन सांगायचं, गेलात की नाही." आम्ही होतो तोवर आजोबा रोज जात होते. पुढचे आम्हांस माहीत नाही.

मुंबईला हे काम नवे नाही. १९३६ साली नागपाड्यात समाजसेवेचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. रुग्णालयाबाहेरही दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावच्या रोग्यांची आणि नातेवाइकांची तिथे राहण्याची सोय होते. पण हे बहुतेक मोठ्या रुग्णालयापाशी पोचल्यावरचे झाले. गावच्या दवाखान्यापासून हे धरायचे तर नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) जामखेडकडे पाहावे लागते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथे गेले. लोकांचे आजार पाणी, उपासमार, जातपात यांतून येतात, नुसत्या इस्पितळाने ते हटणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी अशिक्षित. गावोगाव शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी केली. बाळंतीण असो की क्षयाचा रोगी, त्याच्या घरचे माहीत असलेली बाई त्याला डॉक्टरशीही जोडते आणि मंडळाशीही. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की मधले माणूस त्यांनी बाहेरून आणले नाही.

आता आपल्याकडे पाहू. सोसायटी आहे, भजनी मंडळ, तालीम, वाचनालय, महिला बचत गट आहेत. आशाताई घरोघर जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारावे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आमच्या माहितीतले कितीतरी सभासद हे न विचारताच जमीन गहाण टाकून आले. मन फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. अशा माणसाला मात्र नुसते भजनात नेऊन बसवू नये, आधी डॉक्टर.

म्हणजे संस्था आहेत, पण सांधा नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवावी. इस्पितळाचे हेलपाटे ज्यांनी स्वतः घातले आहेत अशा दोन माणसांची, एक पुरुष आणि एक बाई, नावे तीत असावीत. कोणाच्या घरी मोठे दुखणे निघाले की त्यांपैकी एकाने पहिल्या खेपेला बरोबर जायचे आणि आठवड्याने घरी जाऊन विचारपूस करायची. एसटीचे भाडे कोठून द्यायचे हा प्रश्न आहेच. आमच्यात त्यावर दोन मते आहेत. काही म्हणतात कारखान्याने द्यावे, काही म्हणतात गटाने वर्गणी काढावी. दुखणे घरचे असते, ते चारचौघांत नेऊ नये, असेही एक मत आले. ते रास्त आहे. म्हणून वहीत फक्त जाणाऱ्याचे नाव लिहावे, रोग्याचे लिहू नये.

हंगाम सुरू झाला की कोणाला सवड राहणार नाही. तेव्हा ज्यांची तयारी असेल त्यांनी बॉयलर पेटण्याआधी आपापल्या गट ऑफिसात नाव सांगून ठेवावे. मामांनी आपले नाव पहिले लिहायला सांगितले आहे.