आधी चराई थांबव

बाळे, कंपनीने तुला ‘शाश्वत बदला’ची प्रमुख केलं म्हणे. दारावर पाटी लागली असेल, पगारही वाढला असेल; काम मात्र आम्ही नगरच्या माळांवर करायचो तेच आहे. पाणलोटाच्या कामात तुझ्या या मामाची हयात गेली, चुकण्याजोगं सगळं चुकून झालं. चाकणच्या कारखान्यात निघालीच आहेस, तर एवढं सोबत ने.

१. आल्या आल्या काही लावायला घेऊ नकोस, काय तुडवलं जातंय ते थांबव — उजाड माळातसुद्धा मुळं आणि बी जिवंत असतात, खुराखाली त्यांना डोकं वर काढायची फुरसत मिळत नाही एवढंच. आपल्या नगरच्या हिवरे बाजार गावानं झाडं लावली, पण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही तितकीच मनावर घेतली. कारखान्यात तुडवल्या जातात त्या सूचना: तुझ्या कामगारांनी आजवर काय काय सुचवलं आणि ते कोणाच्या टेबलावर फस्त झालं, याची यादी कर. चराई थांबली की माळही बाळसं धरतो.

२. बंदी घालशील तेव्हा ‘ज्याची शेळी, त्याला आधी चारा’ हे विसरू नकोस — हिवऱ्यात गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, पण गवत विळ्याने कापून न्यायला मोकळीक होती, म्हणून गावाला बंदी सोसली. पॅकिंगवाल्याचं प्लास्टिक काढून घेण्याआधी त्याच्या हाती काय देणार ते ठरव. संध्याकाळची गाडी वेळेत भरायची असते ती त्याला, तुला नाही.

३. काम माथ्यापासून पायथ्याकडे ने — आधी डोंगरावर सलग समतल चर, मग ओघळींत दगडी बांध आणि सगळ्यात शेवटी नाल्यावरचा सिमेंट बंधारा, हा क्रम. उलटं केलंस तर वरची माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. तरी पुढाऱ्यांना बंधाराच आधी हवा असतो, कारण चराचं उद्घाटन करून फोटो काही बरा येत नाही. कारखान्यातला माथा म्हणजे खरेदी विभाग. गेटबाहेर कचरा नेणाऱ्या बाईला वर्गीकरणाचे धडे देण्याआधी तो कचरा पैसे मोजून आत कोण आणतंय, ते बघ. खरेदीतल्या माणसाबरोबर रोज चहा घे, आपल्याला आवडत नसला तरी. ऑर्डरच्या कागदावर त्याची सही होण्याआधी तुझं एक वाक्य त्याच्या कानावर पडलं, तर खाली कचऱ्याचे दहा डबे ठेवायची वेळ येत नाही.

४. चर पातळीत आहे का हे डोळ्याने ठरवू नकोस, ए-फ्रेम नाहीतर हायड्रोमार्कर लावून बघ — जरा कलला की सगळं पाणी एका टोकाला जमतं आणि तिथूनच फुटतं. नियमाचंही तसंच: एसी २४ अंशांवर ठेवायचा नियम केलास ना, तर पहिला रिमोट मोठ्या साहेबांच्या केबिनमधला तपास.

५. पहिल्या वर्षी कुसळी येईल, तिला पाहून हातपाय गाळू नकोस — चराई थांबली म्हणून माळावर लगेच मारवेल आणि पवन्या डोलायला लागत नाहीत. आधी हलकं गवत येतं, कुसळं धोतराला चिकटतात आणि गाव विचारतं, ‘हेच का तुमचं कुरण?’ राखण टिकली तर काही वर्षांत चांगलं गवत आपसूक जागा घेतं. घाईने नांगर घातलास तर गणित पुन्हा पहिल्यापासून. तुझ्याकडे आधी तक्रारी उगवतील, त्याही नको तितक्या. वाचत राहा. इतकी वर्षं गप्प बसलेली माणसं बोलताहेत, याचा अर्थ जमीन मेलेली नाही.

६. सगळ्या शेडमध्ये एकदम सुरू करू नकोस — इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला आधी लहान क्षेत्रावर श्रमदानासह काम करून दाखवावं लागे, मोठा निधी त्यानंतर. त्या लहान तुकड्यावर कोण खरं राबतो आणि कोण फक्त हारासाठी पुढे येतो, हे गावाला कळून चुकतं.

७. भराभर वाढणाऱ्यावर भाळू नकोस — सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत निलगिरीच्या रांगा झपाट्याने उंच झाल्या, पण त्यांच्याखाली गुराला चारा नाही आणि पाखराला फळ नाही.

८. एक देवराई राख — माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत फिरले, तेव्हा आजूबाजूला तुटलेली झाडं त्यांना देवाच्या धाकाने राखलेल्या तुकड्यांत उभी दिसली. तुझ्याकडेही एखादा मेन्टेनन्सचा म्हातारा फोरमन असेल, जुन्या मोटारी दुरुस्त करून चालवणारा, एक नट वाया न घालवणारा. त्याला प्रशिक्षणाला बसवू नकोस. नव्या पोरांना त्याच्याजवळ बसव.

९. ताळेबंद चारचौघांत मांड, केबिनमध्ये नाही — हिवऱ्याला पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर हळूहळू गावाने पाण्याचा हिशेब लावायची सवय धरली: दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, ग्रामसभेत आकडे वाचायचे आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवायचं. पाऊस कमी, तर पीक कमी. ऊस आणि केळी गावाने दूर ठेवली, शेतीसाठी बोअर घ्यायलाही मनाई केली. ऐकायला कडक वाटतं गं, पण आकडा सगळ्यांनी ऐकलेला असला की भांडण सरपंचाशी राहत नाही, पावसाशी होतं. तुमच्या पाण्याचा आणि विजेचा आकडा कॅन्टीनच्या भिंतीवर लाव, आणि वाढलेल्या महिन्यात तर आधी लाव.

१०. गाळ काढायचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढ — बांध बांधायला सगळे येतात, उन्हाळ्यात गाळ उपसायला कोणी फिरकत नाही. सौर पॅनेल बसवशील तेव्हा ते पुसणाऱ्याची हजेरी बजेटमध्ये दिसू दे.

११. उठून जायची तयारी ठेव — सातेरी मधमाश्यांची वसाहत फुटते तेव्हा जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते, आणि मधाने भरलेलं पोळं लेकीला राहतं. तुझ्या हाताखालची दोन पोरं आत्तापासून ग्रामसभेला, म्हणजे तुमच्या त्या मीटिंगला, तुझ्याविना पाठवत जा.

बाकीचं दिवाळीत बोलू. येताना कारखान्याची मागच्या तीन वर्षांची पाण्याची बिलं आण, टँकरच्या पावत्यांसकट. आणि मामीला सांगू नकोस, ती म्हणेल सणासुदीला तरी कागद नकोत.