खरा मेसेज, चुकीचं गाव : निवडणुकीच्या अफवा वर्गात तपासताना

“उद्या मतदान दुपारी ३ वाजता बंद होणार. सर्वांना कळवा.”

शिक्षक मित्रांनो, हे वाक्य आठवी-नववीच्या फळ्यावर लिहा आणि विचारा, खरं की खोटं? वर्गाचे लगेच दोन गट पडतील. गंमत म्हणजे दोन्ही गट बरोबर असू शकतात. १९ एप्रिल २०२४ ला भंडारा-गोंदिया लोकसभेचं मतदान झालं. अर्जुनी-मोरगाव हा नक्षलप्रभावित भाग, म्हणून तिथे वेळ दुपारी ३ पर्यंतच होती. आपल्या तिरोडा क्षेत्रात मात्र सायंकाळी ६ पर्यंत. अर्जुनीचा खरा मेसेज बोदलकसाच्या ग्रुपवर आला की तो खोटा होतो. त्यात एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम. पहाटेपासून फुलं वेचून दमलेली आजी “आता बंद झालं असेल” म्हणून घरीच बसली, तर तिचं मत गेलंच ना!

म्हणून “फेक आहे का?” याच्या आधी “कुठलं? कोणत्या निवडणुकीचं?” हे मुलांना विचारायला लावा.

दुसरा मेसेज २०१९ पासून प्रत्येक निवडणुकीत फिरतो. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, ‘कलम ४९अ’नुसार ‘चॅलेंज व्होट’ मागा. १४ टक्क्यांवर ‘टेंडर व्होट’ पडले तर फेरमतदान. कलम, टक्केवारी... किती खरं वाटतं! पण निवडणूक संचालन नियम १९६१ मधला ४९अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने २ रुपये भरून घेतलेला आक्षेप. टेंडर व्होट खरंच असतं, आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मतपत्रिकेवर देता येतं. १४ टक्क्यांचा नियम मात्र कुठेच नाही. आणि यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आधार असो की आणखी काही.

पक्षांच्या, नेत्यांच्या पोस्ट मी वर्गात घेत नाही. भांडण घरापर्यंत जातं आणि तपासणं बाजूला राहतं. वेळ, केंद्र, यादी, ओळखपत्र यावरचे मेसेज पुरेसे आहेत.

तपासायचं कुठे? १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आणि निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलेली ‘मिथ व्हर्सेस रिॲलिटी’ नोंदवही. पालकांनो, गृहपाठ तुमच्यासोबतच करायचा आहे : घरातल्या प्रत्येक मतदाराचं नाव, यादी भाग क्रमांक आणि केंद्र मुलाने शोधून वहीत लिहावं, तेही निवडणूक जाहीर होण्याआधी. नाव नसेल तर नमुना ६ भरायला तेव्हा वेळ असतो.