एसएमपीएसवरचा बारीक तक्ता आधी वाचा

कुरकुंभला पुणे-सोलापूर महामार्गालगत आमचं ड्रॉइंगचं काम चालतं. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांसाठी टाक्या आणि पाइपलाइन बनवणारे फॅब्रिकेशनवाले आमच्याकडून ड्रॉइंग करून घेतात. थ्रीडीची कामं वाढली म्हणून दुकानदाराकडून जुन्याच संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं आणि त्रास सुरू झाला. साध्या ड्रॉइंगला काही होत नसे. रेंडर लावला की मशीन फटकन बंद. निळा पडदा नाही, सूचना नाही. खोलीतली ट्यूब मात्र चालूच.

दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला. तो खर्च वाचला एका जाणत्या मित्रामुळे. त्याने कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचायला लावलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक याच १२ व्होल्टवर भागते. आमचा आय-फाइव्ह १२४०० भर कामात ११७ वॅटपर्यंत जातो, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड १२५ वॅट घेतं. इथेच २४२ झाले. पंखे, डिस्क वेगळे. एसएमपीएस बदलला, मशीन बंद पडणं थांबलं. मदरबोर्ड आजही तोच आहे.

म्हणून नवा भाग बसवण्याआधी हा हिशोब कागदावर मांडा. प्रोसेसर आणि कार्डाचे कमाल वॅट कंपनीच्या माहितीत मिळतात. त्यात इतर भागांसाठी पन्नासेक वॅट मिळवा आणि १२ व्होल्टची ताकद या बेरजेच्या दीडपट तरी ठेवा. आमच्या मशीनला १२ व्होल्टवर ४० अँपिअर, म्हणजे ४८० वॅट देणारा एसएमपीएस निर्धास्त चालतो. कार्डाला लागणारी पिन एसएमपीएसमधूनच आलेली हवी. डिस्कच्या वायरला कन्व्हर्टर जोडून काम भागवलं, तर जोड तापून वितळू शकतो.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशोबात धरा. आमच्या दौंड तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त तापतं. चांगले एसएमपीएस ४० किंवा ५० अंशांना पूर्ण ताकद देतात, आणि ते तापमान कंपनी लिहून देते. जिथे ते लिहिलेलंच नाही, तिथे ठळक आकड्यावर विसंबू नका.

शंका असेल तर रेंडर चालू असताना मल्टिमीटरने मोजा. डिस्कच्या मोकळ्या चार पिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. भार येताच काटा ११.४ च्या खाली गेला, तर तो एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात.

यूपीएसही तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ गेले, तर लाईट जाताच यूपीएसही मान टाकतो.

संगणक भर कामात बंद पडत असेल, तर मदरबोर्डचे पैसे मोजण्याआधी १२ व्होल्टचा रकाना वाचा. गुणाकार एका मिनिटाचा आहे, तो कराच.