पाणी गाळण्याचा कोळसा : त्याचा गुण व त्याची मर्यादा

कॉफीच्या चोथ्यापासून पाणी स्वच्छ करणारा कोळसा होतो, हें वाचून कड्याकडील शेतकरी म्हणतील, आपणांस त्याचें काय? आपल्या राज्यांत कॉफी पिकते ती चिखलदऱ्यास. परंतु तसाच कोळसा कपाशीच्या पऱ्हाट्या व भुईमुगाचीं टरफलें यांपासूनही होतो.

कृति दोन टप्प्यांची आहे. वाळलेला माल बंद भांड्यांत, हवा न लागूं देतां, भाजला म्हणजे कोळसा होतो. मग त्यावर सुमारें ८०० ते ९०० अंश उष्णतेंत वाफ सोडितात. तेणेंकरून त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचें आंतील क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें पांच गुंठे, भरतें! रंग, वास व कित्येक कीटकनाशकें तेथें अडकून राहतात. चुलींतल्या कोळशास हा गुण फार थोडा.

आतां मुख्य गोष्ट. खतांचा व उकिरड्याचा पाझर विहिरींत उतरला म्हणजे नायट्रेट वाढतें. तें या कोळशानें विशेष कमी होत नाहीं. पाणी उकळल्यास तर आटून प्रमाण वाढतेंच. लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट पिण्याच्या पाण्यांत नसावें. वरच्या दुधांत असें पाणी गेल्यास तान्ह्या मुलाचें अंग निळें पडून जिवावर बेततें.

यास्तव आम्ही सुचवितों कीं, उकिरडा विहिरीपासून दूर न्यावा, पाण्याची परीक्षा करवावी, आणि नायट्रेट अधिक निघाल्यास तान्ह्यासाठीं दुसरें पाणी आणावें. जंतूंकरितां मात्र उकळणें हा उपाय आहे.