झटपट फोटोचा धंदा : यंत्र गेले, गरज राहिली

"फोटो आत्ताच पाहिजे." अहिल्यानगरच्या (अहमदनगरच्या) फोटो स्टुडिओवाल्यांना हे वाक्य रोज ऐकावे लागते. पासपोर्टचा अर्ज असो, शाळेचा प्रवेश असो की बँकेचे खाते, गिऱ्हाईक घाईतच असते. याच वाक्यावर अमेरिकेत एक मोठा उद्योग उभा राहिला आणि पुढे तो बुडालाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी त्याची हकीकत समजून घ्यावी.

मुलीचा प्रश्न

एडविन लँड यांनी १९३७ साली पोलरॉईड कंपनी काढली होती. १९४३ मध्ये ते सांता फे येथे सुटीवर असताना त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. "तो लगेच का दिसत नाही?" असे तिने विचारले. वडिलांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मिनिटभरात फोटो तयार करून दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका दुकानात हा कॅमेरा ८९.७५ डॉलरना विक्रीस आला आणि सगळा माल पहिल्याच दिवशी संपला.

युक्ती अशी की डार्करूमच कॅमेऱ्यात आणली. दोन कागदांमध्ये रसायनाची छोटी पुडी असे. कागद ओढताना ती रुळांत दाबून फुटे. ज्या भागाला प्रकाश लागला नाही तिथली चांदी विरघळून दुसऱ्या कागदावर जाई आणि तिथे चित्र उमटे.

गरज मात्र जुनीच होती. रस्त्यावरचे पेटी-कॅमेरावाले पूर्वीपासून पेटीतच कागद धुवून, उलट्या चित्राचा पुन्हा फोटो घेऊन थोड्या वेळात सुलटा फोटो देत. अफगाणिस्तानात या पेटीला 'कमरा-ए-फौरी' म्हणत.

नफा कशात होता?

कॅमेरा एकदाच विकला जाई, फिल्म पुन्हा पुन्हा. खरी कमाई तिथे होती. १९६३ मध्ये रंगीत फिल्म आली. १९७२ मध्ये फोटो आपोआप बाहेर टाकणारा कॅमेरा आला. कोडॅक कंपनी १९७६ मध्ये या धंद्यात उतरली, तेव्हा पोलरॉईडने पेटंटच्या जोरावर दावा लावला. १९८६ मध्ये कोडॅकला हा धंदा बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये साडेब्याण्णव कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आपली कारागिरी वेळीच नोंदवून ठेवण्याचे मोल यावरून कळते.

पण फिल्मच्या नफ्याची सवय महागात पडली. बिनफिल्मचा डिजिटल कॅमेरा आला तेव्हा कंपनी मागे राहिली. २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि २००८ मध्ये फिल्म बनवणे बंद झाले. तरी गरज मेली नाही. हॉलंडमधील बंद पडणारा कारखाना काही जुन्या कामगारांसह वाचवण्यात आला आणि २०१० पासून तिथली फिल्म पुन्हा बाजारात आली. जपानच्या फुजी कंपनीचे झटपट कॅमेरे तर १९९८ पासून आजही विकले जातात.

आपल्याकडचा धडा

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहणारे फोटोग्राफर पाहा. रिळाच्या काळात ते गिऱ्हाइकाचा पत्ता लिहून घेत आणि फोटो टपालाने पाठवत. पुढे डिजिटल कॅमेरा आला, आणि खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटरही. मोबाईलमुळे त्यांची गिऱ्हाइके घटली हे खरे. तरीही जो टिकला, तो हातात लगेच कागद देतो म्हणून टिकला.

आपल्या जिल्ह्यातील स्टुडिओवाले, फ्रेमवाले, शिंपी, घड्याळदुरुस्ती करणारे, सर्वांनी एक हिशेब मांडावा. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आपल्या यंत्रासाठी की आपण भागवतो त्या गरजेसाठी? यंत्राचा लोभ धरणारी मोठी कंपनी बुडाली. गरज ओळखून यंत्र बदलणाऱ्या लहान माणसाची रोजी चालू राहिली.