आधी मीटर तपासा, मग पाणी

विज्ञान प्रदर्शनासाठी मी मेसच्या पाण्याचा पीएच मोजला. मीटरवर ५.९! भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा. ‘मेसचे पाणी आम्लधर्मी’ असा तक्ताही रंगवून झाला. सरांनी एकच विचारले, “मीटर कॅलिब्रेट केलास का?” केला नव्हता.

रीत सोपी आहे. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवावा आणि टिपकागदाने हलकेच टिपावा, घासू नये. आधी ७.० च्या, मग ९.२ च्या ताज्या बफर द्रावणात बुडवून आकडा जुळवावा. नमुन्याचा पीएच या दोन आकड्यांच्या मध्ये यावा. कमी आल्यास दुसरे बफर ४.० चे घ्यावे. काम झाल्यावर इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा, डिस्टिल्ड पाण्यात नव्हे.

पुन्हा मोजले: ७.४. तक्ता मीच फाडला. मेसच्या भैयांना सांगितले तेव्हा ते नुसते हसले.