झांशीची नाटकशाळा : शब्द, वास्तू आणि स्मृती

झांशीच्या जुन्या नगरकोटाच्या दरवाजांपैकी खंडेराव दरवाजा हा एक. ज्या नगराच्या नाव-गावांत अजूनही मराठी वळण आढळते, त्या नगराचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर (मृत्यू २१ नोव्हेंबर १८५३) यांची नाट्यासक्ती प्रसिद्ध आहे. त्यांच्या पदरी नटनटींचा संच होता आणि ते स्वतःही स्त्रीभूमिका करीत, असे परंपरा सांगते. या संचाच्या आश्रयस्थानास ‘नाटकशाळा’ म्हणतात. परंतु या शब्दावरून आधुनिक नाट्यगृहाचे चित्र डोळ्यांपुढे आणणे धोक्याचे आहे.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. पेशवाईच्या मराठीत ‘नाटकशाळा’ म्हणजे केवळ नाट्याचे स्थान नव्हे. नृत्यगायनात निपुण, आश्रयास ठेवलेली स्त्री हाही त्याचा रूढ अर्थ होता. वास्तू आणि स्त्री एकाच नावाने ओळखल्या जात. म्हणून जुन्या मजकुरात ‘नाटकशाळा’ आढळताच वाचकाने प्रथम क्रियापद आणि विशेषणे पाहावीत. तेथे इमारत उभी आहे, की माणसे, हे त्यांवरूनच ठरते.

दुसरा मुद्दा वास्तूचा. अठराव्या शतकातील मराठी सरदारी वाड्यात नाट्यासाठी निराळी इमारत असावीच लागत नसे. चौक, त्याभोवतीचे सोपे, वरचा सज्जा आणि दिवाणखाना यांतूनच रंगस्थान सिद्ध होई. रघुनाथ हरी नेवाळकर यांच्या कारकिर्दीतील (१७६९–१७९६) झांशीचा राणीमहाल याच घडणीचा आहे. चौकाभोवती रचलेली ही दुमजली, सपाट छपराची वास्तू असून तिच्या दरबार-दालनात फुले, वेली व पशुपक्षी यांची चित्रे आहेत. अशा दालनात नट आणि प्रेक्षक एकाच फरसावर, हाताच्या अंतरावर असतात. पडद्यापेक्षा खांब आणि समयांचा उजेड यांचेच काम तेथे अधिक. तंजावरच्या राजवाड्यातील संगीत महालाशी तुलना केली म्हणजे भेद कळतो. ते दालन मुळात श्रवणासाठी योजलेले. त्याच दरबारात शहाजी राजांनी (१६८४–१७१२) मराठी नाटके रचली.

तिसरा मुद्दा काळाचा. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. गंगाधररावांच्या राज्यकारभाराचा आरंभही त्याच सुमाराचा. १८५३ साली भाव्यांच्या मंडळीने मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. त्याच वर्षी गंगाधरराव वारले. या दशकात मराठी नाट्य संस्थानिकाच्या दालनातून सार्वजनिक रंगभूमीकडे गेले. सांगली-मुंबईच्या वाटेवर स्त्रीभूमिका पुरुषांकडे राहिली. झांशीच्या खाजगी रंगस्थानी स्त्रिया उभ्या होत्या. पहिली वाट इतिहासाने नोंदली. दुसरीचे स्मरण मात्र आख्यायिका, प्रवासवर्णन आणि कादंबरी यांच्या हाती राहिले.

या साधनांची प्रत समान नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झांशीत होते. परंतु गंगाधररावांच्या हयातीविषयीचे त्यांचे कथन ऐकीव आहे आणि ते पुष्कळ वर्षांनी लिहिले गेले. ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली संस्कारून छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ ची. वैद्यांची आवृत्ती वाचताना संपादकाच्या संकोचाचाही हिशेब ठेवावा लागतो. वृंदावनलाल वर्मा यांच्या हिंदी कादंबरीत (१९४६) नाटकशाळा आणि मोतीबाई यांना भरघोस जागा मिळाली. तेथे स्थानिक मौखिक स्मृती आणि कल्पना एकजीव झाल्या आहेत. तेव्हा कादंबरीतील रंगमंचाचे वर्णन वास्तुशास्त्राचा पुरावा म्हणून उद्धृत करणे युक्त नव्हे.

तरीही मोतीबाईला केवळ कल्पनेच्या खात्यात टाकता येत नाही. झांशीच्या किल्ल्यात गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष यांच्यासह तिचीही समाधी दाखवितात. राजाच्या नाटकशाळेतील नटी पुढे तोफेपाशी लढताना पडली, असे परंपरा मानते. तिच्या नावाशी जोडलेला दगड आज उभा आहे. ‘नाटकशाळा’ या शब्दाच्या दोन अर्थांपैकी कोणत्या अर्थाला अभ्यासकांनी आजवर कमी जागा दिली, याचा विचार करताना तो दुर्लक्षून चालणार नाही.